सूत्रधारांची विद्या : घराचा नकाशा आणि आपली ज्ञाती



यंदाच्या स्मरणिकेसाठी ज्ञातीच्या इतिहासावर काही लिहावे, अशी आज्ञा संपादक मंडळाने केली. कुलदैवते, गोत्रे आणि देवस्थाने यांविषयी अधिकारी मंडळींनी पूर्वीच्या अंकांतून विपुल लिहिले आहे. त्यात भर घालण्याचा आमचा अधिकार नाही. आमचे आयुष्य घरांचे नकाशे काढण्यात गेले. म्हणून त्याच विद्येचा इतिहास, आमच्या अल्प मतीप्रमाणे, आपणांपुढे ठेवीत आहोत. हा विषय ज्ञातीच्या इतिहासाबाहेरचा आहे असे कोणास वाटेल, तर त्यांनी आपले नावच एकदा नीट पाहावे. ‘सुतार’ हा शब्द संस्कृत ‘सूत्रधार’ शब्दावरून आला. सूत्रधार म्हणजे दोरी धरणारा, अर्थात जागेवर रेघ आखून देणारा. करवत आणि वाकस ही हत्यारे मागाहूनची. आपल्या नावात पहिले हत्यार आहे ते दोरी.

प्राचीन शिल्पग्रंथांत, विशेषतः ‘मयमत’ आणि ‘मानसार’ या ग्रंथांत, घर उभारणारे चार प्रकारचे शिल्पी सांगितले आहेत : स्थपती, सूत्रग्राही, वर्धकी आणि तक्षक. स्थपती हा मुख्य. सर्व योजना त्याची. सूत्रग्राही हा त्याचा पुत्र किंवा शिष्य; दोरी आणि दंड यांच्या मापाने योजना रेषेत उतरविणे हे त्याचे काम. तक्षक लाकूड-दगड तासतो, आणि तासलेले भाग जोडून उभे करतो तो वर्धकी. आज ज्याला आपण ड्राफ्ट्समन म्हणतो तो या मांडणीतला सूत्रग्राहीच होय. राजा भोजाच्या नावावर असलेल्या अकराव्या शतकातील वास्तुग्रंथाचे नावही ‘समरांगण सूत्रधार’ असेच आहे. यावरून ही विद्या आपल्याला परकी नव्हती, हे उघड आहे.

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत हे चारही अधिकार बहुधा एकाच माणसाच्या अंगी असत. घरधनी म्हणे, “चार खणांचे घर हवे, पुढे ओसरी, मागे माजघर, कोपऱ्यात देवघर.” एवढे शब्द आपल्या वडीलधाऱ्यांस पुरत. खण म्हणजे दोन खांबांमधले अंतर, आणि ते मोजायचे खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंत. खण ठरला की तुळईची लांबी ठरली, तुळई ठरली की खांबाची जाडी ठरली, आणि खांबावरून तळखड्याचा दगड ठरला. माप गजाचे, एका गजाचे चोवीस तसू. काटकोन साधण्यासाठी दोरीवर तीन, चार आणि पाच अशा भागांच्या खुणा करून त्रिकोण ताणीत. बौधायनाच्या शुल्बसूत्रांत यज्ञवेदीसाठी सांगितलेले काटकोनाचे गणित हेच होय. ‘शुल्ब’ म्हणजेही दोरीच. छपराची कैची किंवा वळणाचा जिना असला, तर मोकळ्या जमिनीवर कोळशाने पूर्ण मापाची आकृती काढून त्यावर लाकूड ठेवीत आणि खुणा करीत. हाच त्यांचा नकाशा. काम संपले की ती आकृती पुसली जाई आणि विद्या तेवढी डोक्यात राहत असे. ती डोक्यात राही म्हणून कोणास चोरता येत नसे, हे खरे. परंतु त्याच कारणाने ती दुसऱ्यास दाखविताही येत नसे. पुढे जे घडले त्याचे बीज येथेच आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कागद आला. १८४७ साली रुरकी येथे अभियांत्रिकीचे महाविद्यालय निघाले. १८५४ साली सरकारचे सार्वजनिक बांधकाम खाते उभे राहिले आणि त्याच वर्षी पुण्यास अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला. पुढे ज्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले तो हाच वर्ग. खात्याला कनिष्ठ अधिकारी हवे होते, आणि खात्याचे सर्व काम नकाशा आणि अंदाजपत्रक यांवर चाले. कलेक्टर एका गावी, पैसा मंजूर करणारा दुसऱ्या गावी आणि इमारत तिसऱ्याच गावी, अशी व्यवस्था असता डोक्यातली विद्या काय कामाची? घर बांधण्यापूर्वी ते दुसऱ्यास दिसले पाहिजे, मोजता आले पाहिजे, त्याची किंमत काढता आली पाहिजे, म्हणून कागद.

मुंबईत सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून १८५७ साली कलाशाळा निघाली. तेथे १८९६ साली ड्राफ्ट्समन तयार करण्याचा वर्ग सुरू झाला. १९१३ च्या सुमारास प्रा. रॉबर्ट केबल यांच्या हाताखाली तेथील वास्तुकलेच्या शिक्षणास पद्धतशीर रूप आले, आणि १९५८ साली वास्तुकलेचे महाविद्यालय स्वतंत्र झाले. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० साली कलाभवन स्थापिले. कारागिरांच्या मुलांस उद्योगाचे शिक्षण देशी भाषांतून मिळावे हा गज्जरांचा आग्रह होता. असा आग्रह आणखी दहा ठिकाणी कोणी धरला असता, तर आपल्या ज्ञातीचा इतिहास निराळा झाला असता असे आम्हांस वाटते.

ज्या १८९६ साली ड्राफ्ट्समनचा वर्ग निघाला, त्याच वर्षी मुंबईत प्लेग शिरला. दाटीवाटीच्या, अंधाऱ्या चाळींकडे सरकारचे लक्ष गेले आणि १८९८ साली इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. नवे घर बांधण्यापूर्वी आयुक्तांस सूचना देण्याचे बंधन १८८८ च्या म्युनिसिपल कायद्याने घातलेच होते. आता उजेड आणि वारा यांचाही हिशेब मागितला जाऊ लागला. ट्रस्टचे चेअरमन ऑर यांनी १९१२ च्या सुमारास साडेत्रेसष्ट अंशांचा नियम पुढे आणला. खोलीच्या भिंतीच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे ओढलेली रेघ जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा कोन करता कामा नये, असा त्याचा सारांश. साध्या भाषेत सांगायचे तर समोर दहा फूट जागा मोकळी असेल, तर समोरची भिंत वीस फुटांहून उंच नसावी. आता ही रेघ दाखवायची कशी? जमिनीवर कोळशाने काढून ती साहेबांस दाखविता येत नाही. त्यासाठी घराचा उभा छेद कागदावर प्रमाणात काढावा लागतो. ज्याला छेद काढता येई त्याचे घर मंजूर होई. आणि ज्याला येत नसे, त्याला ज्याला येतो त्याच्या दारी जावे लागे.

येथे आपली फाटाफूट झाली. जुन्या चार अधिकारांपैकी स्थपतीची जागा अभियंता आणि वास्तुविशारद यांनी घेतली, सूत्रग्राहीची जागा कचेरीतल्या ड्राफ्ट्समनने घेतली, आणि आपल्या वाट्यास वर्धकी व तक्षक एवढेच उरले. कोणी अन्याय केला असे आम्ही म्हणत नाही. कागद सर्वांसाठी खुला होता. पण त्यावरची भाषा इंग्रजी होती, वर्गाची फी होती, आणि मुलगा दहा वर्षांचा झाला की त्याच्या हाती रंधा देण्याची आपली रीत होती.

या फाटाफुटीची झळ आमच्याच घरी कशी लागली ते सांगतो. आमच्या बालपणी वडिलांनी तालुक्याच्या गावी एका घराचे लाकूडकाम घेतले होते. भिंती अद्याप जोत्याच्या वर आल्या नव्हत्या, तेव्हा लाकूड आधीच कापून ठेवावे असे ठरले. नकाशावर खोलीची रुंदी १२ फूट लिहिली होती. वडिलांस आकडा वाचता येई, नकाशा वाचता येत नसे. आपल्या रीतीप्रमाणे त्यांनी ते अंतर मध्यापासून मध्यापर्यंतचे धरले. भिंती दीड फूट जाडीच्या होत्या. त्यांच्या हिशेबाने आतली मोकळी जागा साडेदहा फूट आणि दोन्ही बाजूंस नऊ-नऊ इंच टेकू, म्हणून सागाच्या सहा तुळया बरोबर बारा फुटांच्या कापल्या. नकाशातले बारा फूट मात्र आतल्या अंगापासून आतल्या अंगापर्यंतचे होते. भिंती उभ्या राहिल्या, तुळया चढविल्या, आणि त्या दोन भिंतींच्या मध्ये नेमक्या मावल्या. टेकण्यास इंचभर जागा नाही. सहा तुळयांची किंमत मजुरीतून कापली गेली. त्या रात्री वडील जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते आमच्या आईला एवढेच म्हणाले, “याला नकाशा शिकवायचा. मग लाकूड शिको न शिको.”

आम्ही शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, मग संध्याकाळच्या वर्गात नाव घातले, आणि पुढे एका नकाशाच्या कचेरीत उमेदवार म्हणून राहिलो. पहिले सहा महिने रेघा मारण्याखेरीज काही नाही. फळ्यावर कागद ताणून पिना लावायच्या, टी-स्क्वेअर धरायचा, त्यावर सेटस्क्वेअर सरकवायचा. जाड रेघ म्हणजे कापलेली भिंत, बारीक रेघ म्हणजे पलीकडे दिसणारी वस्तू, तुटक रेघ म्हणजे डोक्यावरची किंवा झाकलेली गोष्ट, आणि टिंब-रेघ म्हणजे मध्यरेषा. वडिलांच्या सहा तुळया त्या एका टिंब-रेघेने वाचल्या असत्या, हे पहिल्याच आठवड्यात कळले आणि डोळ्यांत पाणी आले. शाईच्या रेघा रूळिंग पेनने ट्रेसिंग क्लॉथवर काढाव्या लागत. त्या कापडावर खळ असे. घामाचा थेंब पडला की डाग. चुकलेली रेघ ब्लेडने खरवडून पुन्हा काढावी लागे. त्यावरून निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांचे ब्लू प्रिंट निघत. ही छापण्याची युक्ती जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने १८४२ साली शोधली होती. पुढे पांढऱ्या कागदावर गडद रेघांचे अमोनिया प्रिंट आले.

मग खरे शिक्षण सुरू झाले. प्लॅन म्हणजे घर खिडकीच्या उंचीवर आडवे कापून वरून पाहिले असता जे दिसते ते. एलेव्हेशन म्हणजे समोरचा उठाव. सेक्शन म्हणजे घर उभे कापून त्याचे पोट दाखविणे. नवशिका प्लॅनवर खूष असतो. परंतु चुका सापडतात त्या सेक्शनमध्ये. उदाहरणार्थ, जिना घ्या. एका मजल्याच्या जमिनीपासून दुसऱ्या मजल्याच्या जमिनीपर्यंत साडेदहा फूट, म्हणजे १२६ इंच उंची आहे. एका पायरीचा चढ सात इंच धरला तर चढ अठरा, आणि मधल्या पायऱ्या सतरा. पायरीची रुंदी दहा इंच धरली तर सरळ जिन्यास १७० इंच, म्हणजे चौदा फूट दोन इंच जागा हवी. एवढी जागा नसेल तर जिना मध्ये मोडून नऊ-नऊ चढांचे दोन भाग करावे. मग प्रत्येक भागास ऐंशी इंच पुरतात, अधिक वळणाची तीन फूट जागा. हा हिशेब न करता प्लॅनवर शिडीसारख्या रेघा ओढल्या, की घर बांधताना जिना खिडकीतून बाहेर पडतो.

आमचा स्वतःचा पहिला संपूर्ण नकाशा आम्ही मोठ्या अभिमानाने आजोबांस दाखविला. त्यांना अक्षरओळख नव्हती. कोणती रेघ कशाची ते आम्ही समजावून सांगितले. त्यांनी बराच वेळ बोट फिरविले आणि माजघराच्या दारावर ठेवून विचारले, “अरे, हे दार उघडलं की डोक्यावर हंडा घेतलेली बाई उभी कुठं राहणार?” दाराचे पान जिन्याच्या पहिल्या पायरीवर येत होते. कचेरीतल्या तिघांनी तो नकाशा तपासला होता. कोणाच्याही ध्यानात आले नव्हते. “आबा, तुम्हांला कसं कळलं?” असे विचारता ते म्हणाले, “दारं मी बसवतो ना.” त्या दिवशी आम्हांस कळून चुकले की वडिलांचे म्हणणे अर्धेच खरे होते. नकाशा शिकायचाच, पण लाकूड सोडून नव्हे.

नकाशाचे महत्त्व पुढे वाढतच गेले, त्याचे मुख्य कारण सिमेंट. १९३६ साली दहा कंपन्या एकत्र होऊन असोसिएटेड सिमेंट कंपनीज निघाली, आणि त्या काळापासून मध्यमवर्गाच्या घरांतही काँक्रीट शिरू लागले. पुण्याचे अभियंते आर. एस. देशपांडे यांनी १९३९ साली ‘मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया’ हे पुस्तक काढून सामान्य कुटुंबांपुढे घरांचे नमुनेदार नकाशे ठेवले. लाकडी घरात तुळई डोळ्यांस दिसते. ती वाकली तर घरधन्यासही समजते. काँक्रीटच्या स्लॅबमधली सळई एकदा झाकली की झाकली. ती किती जाडीची, किती अंतरावर आणि कोठे वाकविली, हे केवळ नकाशाच सांगतो. आपले पुष्कळ बांधव तुळयांचे काम सुटल्यावर सेंटरिंगच्या फळ्या ठोकू लागले. ज्या हातांनी घराचा सांगाडा घडविला, ते हात आता साचा बांधून तो काही दिवसांनी उतरवून नेऊ लागले. याच सुमारास मापेही बदलली. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धती आली आणि इंचास आठ फूट या प्रमाणाच्या जागी एकास शंभर हे प्रमाण आले. जुने प्रमाण हिशेबाने एकास शहाण्णव होते. म्हणून जुन्या हातांस फारसे जड गेले नाही. १९७२ च्या कायद्याने ‘आर्किटेक्ट’ ही पदवी नोंदणी झालेल्यांनाच लावता येऊ लागली.

दोन आपत्तींचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतील जुनी घरे व वाडे पाण्याने ओढून नेले. ती घरे कोणी, कशी बांधली याचा कागद बहुतेकांपाशी नव्हता. ती जशीच्या तशी पुन्हा उभी करणे शक्यच झाले नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि माथ्यावर मातीचे जड छप्पर अशा घरांत हजारो माणसे झोपेतच गेली. तेथेही काही घरांत दगडी भिंती ढासळल्या, परंतु आत खणांचा लाकडी सांगाडा असल्याने छत उभे राहिले. आपल्या वडीलधाऱ्यांच्या विद्येची ही साक्ष आहे. तिचा गर्व जरूर वाटावा. परंतु ती विद्या कागदावर मांडलेली असती, खांब आणि भिंत कोठे बांधावी व जोते, दारांचा माथा आणि छप्पर यांच्या पातळीवर घराभोवती पट्टा कसा फिरवावा हे प्रत्येक गवंड्यास दाखविता आले असते, तर किती जीव वाचले असते, हा प्रश्नही मनात राहतो.

आता फळा आणि टी-स्क्वेअर गेले. १९८२ साली ऑटोकॅड बाजारात आले, आणि हळूहळू प्रत्येक कचेरीत संगणक बसला. मंजुरीचे अर्जही आता संगणकावरूनच जातात. रेघ सरळ येते, खाडाखोड दिसत नाही, एक खोली चारदा उमटविता येते. यामुळे चूकही चारदा उमटते, एवढेच आम्ही अनुभवाने सांगू. दाराचे पान कोठे उघडते हे संगणक दाखवितो. हंडा घेतलेली बाई त्याला दिसत नाही.

यास्तव ज्ञातिबांधवांस आमची तीन विनंतीवजा निवेदने आहेत. पहिले असे, की दहावी झालेल्या मुलामुलींस औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील ड्राफ्ट्समन (सिव्हिल) हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम अवश्य दाखवावा. हे काम बसून करण्याचे, नेमकेपणाचे आणि घरातील कामाची जाण असलेल्यांचे आहे. मुलींस तर ते विशेष साधेल. दुसरे असे, की जे मूल नकाशा शिकेल त्याने सुटीत चार महिने तरी कामावर उभे राहावे, आणि जो मुलगा कामावर आहे त्याने नकाशा वाचण्यास शिकावे. बापाने कापलेल्या तुळया आणि मुलाने काढलेली रेघ यांची गाठ एकाच घरात पडावी.

तिसरे निवेदन सर्वच कुटुंबांस आहे. आज पुष्कळ जण घर बांधीत नाहीत, विकत घेतात. १९६३ च्या महाराष्ट्र सदनिका कायद्याने आणि त्यानंतर २०१६ च्या रेरा कायद्याने मंजूर नकाशा पाहण्याचा हक्क तुम्हांस दिला आहे. तो हक्क वापरा. नकाशावर मंजुरीचा शिक्का आहे का ते पाहा. उत्तर दिशेचा बाण पाहा. लिहिलेले माप भिंतीच्या आतले की बाहेरचे, हे विचारा. चटई क्षेत्र आतल्या मापांवरून स्वतः गुणून पाहा. आणि प्रत्येक दार मनात उघडून, त्यासमोर आपल्या घरची माणसे उभी करून पाहा. आकडा वाचता येतो म्हणजे नकाशा वाचता आला, असे समजू नका. त्या समजुतीची किंमत आमच्या घराने सहा तुळयांनी मोजली आहे.

आपल्या पूर्वजांनी आपल्याला नावातच दोरी दिली. मधली शे-दीडशे वर्षे तिचे एक टोक दुसऱ्यांच्या हाती राहिले. ते पुन्हा हाती घेण्यास आज कोणाची आडकाठी नाही. आळस तेवढा टाकला पाहिजे. ती सुबुद्धी आणि तो उद्योग आपल्या मुलाबाळांस लाभो, हीच श्रीविश्वकर्म्याच्या चरणी प्रार्थना करून ही अल्पशी सेवा ज्ञातिबांधवांस सादर करितो.